स्मरणशक्ती : देवाचे देणे आणि आपली मेहनत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या धर्मग्रामातील एक आजी हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात होत्या. धर्मशिक्षण गटातर्फे आम्ही दोघे त्यांना भेटायला गेलो. पिशवी, मोबाईल, चपला सगळे बाहेर ठेवून आत जायचे होते. आजींना बोलायला त्रास होत होता. त्यांनी खुणेनेच प्रार्थना म्हणायला सांगितले आणि हळूच म्हणाल्या, "मेंढपाळाचे स्तोत्र म्हणा."

आम्ही सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि अडखळलो. तिसरी ओळ एकाने वेगळी म्हटली, दुसऱ्याने वेगळी. मग दोघेही गप्प. दरवर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना "पाठ का केले नाही?" म्हणून रागावणारे आम्ही! तेवढ्यात आजींनीच डोळे मिटून, थांबत थांबत, पुढचे स्तोत्र शेवटपर्यंत म्हटले. ज्यांना धीर द्यायला गेलो होतो त्यांनीच आम्हाला धीर दिला. पुढच्या आठवड्यात आजी प्रभूघरी गेल्या.

त्या दिवशीची खंत मनात घेऊन आमच्या गटाने ठरवले की आपणही पाठ करायला शिकायचे. काही महिने वाचन केले, स्वतःवर प्रयोग केले, काही फसले, काही जमले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पाठ कशाला करायचे?

"आता मोबाईलवर सगळे बायबल मिळते, पाठ करून काय मिळवायचे?" हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर आम्हाला त्या बंद दारामागे मिळाले. संकटात, आजारात, रात्री झोप लागत नसताना जे आत साठवलेले असते तेच उपयोगी पडते. घरात धान्य नसेल तर शेजारी बाजार भरला तरी चूल पेटत नाही.

पवित्र शास्त्रात याविषयी स्पष्ट शिकवण आहे. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की देवाची वचने हृदयात ठेवा, मुलांच्या मनावर ठसवा; घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोला. म्हणजे दिवसातून निदान चार वेळा उजळणी! स्मरणशक्तीवर आज जे संशोधन झाले आहे ते याच दिशेने बोट दाखवते, हे आपण पुढे पाहू.

स्तोत्र ११९ हे बायबलमधले सर्वांत लांब स्तोत्र. त्यात १७६ ओळी आहेत. मूळ हिब्रू भाषेत त्याचे २२ भाग असून हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरे क्रमाने एकेका भागाला दिली आहेत. एका भागातील आठही ओळी त्याच अक्षराने सुरू होतात. अशा रचनेमुळे पुढची ओळ कोणत्या अक्षरावर आहे हे म्हणणाऱ्याला आपोआप समजते. भाषांतरात ही सोय राहत नाही, परंतु पवित्र शास्त्राच्या लेखकालाही आठवणीला आधार द्यावासा वाटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपणही शाळेत इंद्रधनुष्याचे रंग "तानापिहिनिपाजा" म्हणूनच शिकलो ना?

लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात दोन वेळा सांगितले आहे की पवित्र मरियेने पुत्राविषयीच्या गोष्टी आपल्या अंतःकरणात जपून ठेवल्या. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांना आपल्या स्मरणार्थ ती कृती करीत राहायला सांगितले. प्रत्येक मिस्सामध्ये आपण ते स्मरण करतो. आठवण ठेवणे हा आपल्या श्रद्धेचा गाभाच आहे.

विसरणे हा गुन्हा नव्हे

"माझे डोकेच चालत नाही," असे म्हणून आपण सुरुवातीलाच हार मानतो. जर्मन अभ्यासक हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करीत आणि ठराविक वेळाने किती शिल्लक राहिले ते मोजीत. त्यांना दिसले की पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटते. मग निसटण्याचा वेग कमी होत जातो. अर्थ असलेल्या, मनाला भिडणाऱ्या गोष्टी इतक्या लवकर जात नाहीत, परंतु उजळणी न केलेले विसरणे हा सर्वांचाच स्वभाव आहे.

एबिंगहाउस यांना आणखी एक गोष्ट कळली. एकाच बैठकीत पुष्कळ वेळा घोकण्यापेक्षा तीच मेहनत काही दिवसांत वाटून घेतली तर कमी श्रमात पाठ होते. शेताला एकदाच पूर आणून चालत नाही, पाळीपाळीने पाणी द्यावे लागते, तसेच हे आहे.

संत थॉमस अक्वायनस यांचे चार नियम

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात शहाणपण या सद्गुणाची चर्चा करताना स्मरणशक्तीचा विचार केला आहे. मागचे आठवत नसेल तर पुढचा निर्णय शहाणपणाने कसा घेणार, असा त्यांचा विचार. स्मरण सुधारण्यासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. आम्ही त्या आमच्या शब्दांत देतो.

१. चित्र करा. जे लक्षात ठेवायचे त्याला एखादे चित्र जोडा. ते चित्र थोडे नवलाचे असावे, कारण रोजच्या गोष्टीकडे मन लक्ष देत नाही. गेल्या मंगळवारी काय जेवलो ते आठवत नाही, पण लग्नाच्या मांडवात बैल शिरला होता ते वीस वर्षांनंतरही आठवते.

२. क्रम लावा. गोष्टी एकीमागून एक मांडल्या म्हणजे पहिली दुसरीला ओढून आणते. मणी सुटे असले की हरवतात, माळेत ओवले की राहतात.

३. मन लावा. ज्याची आपल्याला काळजी आणि आवड असते ते मनावर खोल उमटते. मुलाला क्रिकेटपटूंच्या धावा आठवतात आणि सनावळ्या आठवत नाहीत, यात डोक्याचा दोष नाही. म्हणून प्रार्थना पाठ करण्याआधी तिचा अर्थ समजून घ्यावा आणि ती कोणासाठी म्हणायची आहे ते ठरवावे.

४. वारंवार चिंतन करा. ठेवलेले पुन्हा पुन्हा काढून पाहा.

या चौथ्या नियमाविषयी आजच्या संशोधनाने एक मोलाची भर घातली आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. परंतु आठवड्यानंतर चित्र उलटले : वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के.

याचा अर्थ सोपा आहे. पुस्तक उघडे ठेवून दहा वेळा वाचले की "मला येते" असा भास होतो. पुस्तक मिटून एकदा म्हणून पाहिले की खरे काय ते कळते, आणि त्या आठवण्याच्या धडपडीतच गोष्ट पक्की होते. आमच्या लहानपणी वडील संध्याकाळी ओटीवर बसवून पाढे म्हणायला लावीत. तेव्हा फार राग येई. आता कळते की ती पद्धत चुकीची नव्हती.

घरातून एक फेरी

आता एक प्रत्यक्ष उदाहरण करून पाहू. ख्रिस्तसभा सात शारीरिक दयाकृत्ये शिकवते. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातून येतात. सातवे, मृतांना मूठमाती देणे, तोबीतच्या ग्रंथातील उदाहरणावरून. आमच्या गटात विचारले तेव्हा सातही कोणालाच सांगता आली नाहीत. पाचावर गाडी अडली.

डोळे मिटा आणि आपल्या जुन्या घरात शिरा. आपले घर वेगळे असेल तर आपल्या जागा निवडा, फक्त क्रम कायम ठेवा.

फाटकात एक भुकेला माणूस रिकामे ताट वाजवीत बसला आहे. त्याला जेवू घातल्याशिवाय फाटकच उघडत नाही. पुढे विहिरीवर तहानलेली बाई दोर ओढते आहे, पण पोहऱ्याला भोक आहे. ओटीवर एक परका प्रवासी बोचके उशाला घेऊन तुमच्याच जागेवर झोपला आहे. आत दिवाणखान्यात कपाट उघडावे तर सगळे कपडे गेलेले आणि समोर उघडा मुलगा कुडकुडत उभा. झोपायच्या खोलीत खाटेवर आजारी माणूस कण्हतो आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज धरून एक कैदी आत बघतो आहे. शेवटी मागच्या परसात कोणीतरी कुदळीने कबर खणत आहे.

आता पुस्तक बाजूला ठेवून फाटकापासून परसापर्यंत चालून या. भुकेला, तहानलेला, परका, वस्त्रहीन, आजारी, बंदिवान, मृत. बहुतेकांना एका फेरीत जमते. आमच्या वर्गातील चौथीच्या मुलांनी तर उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले. आणखी एक फायदा झाला तो आम्ही ठरवलेला नव्हता. एक मुलगी म्हणाली, "आता फाटकात कोणी भिकारी आला की मला ते ताटच आठवते." पाठांतर हातापायांपर्यंत पोहोचले, ते असे.

ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिडीस याच्याविषयी अशी कथा सांगतात की मेजवानीच्या घराचे छत कोसळले, तेव्हा कोण कुठे बसले होते हे आठवून त्याने मृतांची ओळख पटवली. जागा आठवली की माणूस आठवतो, हे त्याला त्यातून उमगले. संत आगस्तीन यांनीही आपल्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मरणाची तुलना विस्तीर्ण वाड्याशी केली आहे आणि त्या वाड्यात फिरता फिरता ते देवाचा शोध घेतात.

आपले चर्च हेच स्मरणाचे घर

थोडा विचार केला तर दिसेल की ख्रिस्तसभेने ही युक्ती आपल्याला केव्हाच देऊन ठेवली आहे. चर्चच्या भिंतींवर क्रूसाच्या वाटेची १४ स्थाने आहेत. प्रत्येकाची जागा ठरलेली, चित्र ठरलेले, क्रम ठरलेला. वाचता न येणारे आपले पूर्वज त्या चित्रांपुढून चालत दुःखसहनाची सारी कथा मनात साठवीत. आज घरी बसून डोळे मिटले तरी वेरोनिका कोणत्या खांबाजवळ आहे ते आपल्याला सांगता येते.

जपमाळेचेही तसेच. बोटे मणी मोजतात, मन रहस्यावर राहते. जुन्या काळी १५० स्तोत्रे पाठ न येणाऱ्या साध्या भाविकांसाठी १५० नमो मरिया म्हणण्याची प्रथा पडली असे मानतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली. ती आजही अनेकांना क्रमाने येत नाहीत. वरची घरातली युक्ती त्यांच्यावर वापरून पाहा : यार्देन नदी, काना गावचे लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि ख्रिस्तशरीराची स्थापना. पाच जागा पुरेत.

आणि चाल! फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ओवीला लय असते, म्हणून ती ऐकून ऐकून ओठांवर बसते. आपल्या आज्यांनी लग्नातली गाणी कुठे लिहून घेतली होती? जे पाठ होत नाही ते गाऊन पाहावे. स्तोत्राला चाल लावली की शब्द सहज चिकटतात.

एका मिशनऱ्याचा धडा

फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी, १५७८ मध्ये, आणखी एक तरुण येशूसंघीय गोव्यात उतरला होता. त्याचे नाव मत्तेओ रिची. १५८० साली कोचीन येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ साली तो चीनकडे निघाला. परकी भाषा, हजारो चिन्हे. परंतु रिची यांनी युरोपात स्मरणाच्या वाड्याची कला शिकून घेतली होती. १५९५ साली नानचांग शहरातील विद्वानांच्या मेळाव्यात त्यांनी चिनी चिन्हांची लांबलचक यादी एकदाच वाचून जशीच्या तशी म्हणून दाखवली. सगळे थक्क झाले.

तेथील राज्यपालाचे तीन मुलगे सरकारी परीक्षेची तयारी करीत होते. त्यांच्यासाठी रिची यांनी १५९६ साली चिनी भाषेत स्मरणकलेवर छोटे पुस्तक लिहिले. थोरल्या मुलाने ते लक्षपूर्वक वाचले आणि आपले मत एकाजवळ सांगितले. नियम खरे आहेत, पण ते वापरायला आधी चांगली स्मरणशक्ती पाहिजे, असा त्याचा आशय होता!

आम्हाला हा प्रसंग वाचून हसू आले आणि धीरही आला. यादी, नावे, क्रम यांसाठी चित्र आणि जागा उत्तम. शब्दन् शब्द हवा असेल, जसे स्तोत्र किंवा श्रद्धांगीकार, तर उजळणीला पर्याय नाही. युक्ती म्हणजे शिडी, चढायचे पाय आपलेच. (रिची १६१० साली बीजिंग येथे मरण पावले. त्यांच्या वीरोचित सद्गुणांना पोप फ्रान्सिस यांनी १७ डिसेंबर २०२२ रोजी मान्यता दिली. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे.)

सात दिवसांत एक स्तोत्र

मेंढपाळाचे स्तोत्र, म्हणजे स्तोत्र २३, सहाच ओळींचे आहे. आम्ही ते असे पाठ केले.

पहिल्या दिवशी सावकाश मोठ्याने वाचले आणि अर्थावर बोललो. हे स्तोत्र म्हणजे एक प्रवास आहे : हिरवे कुरण, संथ पाणी, नीट वाट, अंधारी दरी, वाढलेले ताट, आणि शेवटी देवाचे घर. हा रस्ता डोळ्यांपुढे आणला. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन ओळी, पुस्तक मिटून. तिसऱ्या दिवशी आधी जुन्या दोन म्हणून मग नव्या दोन. चौथ्या दिवशी तसेच शेवटच्या दोन. पाचव्या दिवशी सबंध स्तोत्र न बघता कागदावर लिहिले आणि चुका तपासल्या. सहाव्या दिवशी घरातल्या कोणाला तरी म्हणून दाखवले. सातव्या दिवशी मिस्साला येताना वाटेत म्हटले. त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा, महिन्याने एकदा.

रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. रात्री निजण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर म्हणणे सर्वांत फायद्याचे ठरले. झोपेत दिवसभराची शिकवण मेंदूत पक्की होते, म्हणून रात्रभर जागून घोकणाऱ्या विद्यार्थ्याचे दुहेरी नुकसान होते.

मुलांसाठी आणि ज्येष्ठांसाठी

दहावी-बारावीच्या मुलांनो, हेच नियम इतिहासाला आणि विज्ञानालाही लागू आहेत. धडा वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग उघडून तपासा. उद्या पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा. अभ्यास करताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. लक्षच दिले नाही तर ठेवणार काय? आणि पालकांनो, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. भीतीने घशाला कोरड पडते, पाठांतर होत नाही. स्मरणशक्ती वाढवण्याच्या बाटल्या आणि गोळ्यांवर पैसे घालवण्यापेक्षा मुलांना पुरेशी झोप, खेळ आणि घरचे जेवण द्या.

ज्येष्ठांनाही सांगावेसे वाटते : वयाबरोबर नाव पटकन न आठवणे, चष्मा कुठे ठेवला ते विसरणे यात घाबरण्यासारखे काही नाही. परंतु ओळखीची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचे साधे व्यवहार न जमणे, असे दिसू लागले तर घरच्यांनी "म्हातारचळ" म्हणून हसू नये. डॉक्टरांना दाखवावे. अशा आजारातही लहानपणी पाठ केलेल्या प्रार्थना आणि गाणी पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. त्यांच्याशेजारी बसून जपमाळ म्हणा. कालचे जेवण न आठवणारी आजी पुढचा शब्द बरोबर उचलते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. आणि ज्या दिवशी तोही शब्द येणार नाही, त्या दिवशी तिच्या वतीने आपण म्हणायचे. देव तिला विसरत नाही. तिच्यासाठी आठवण ठेवणे हे आपले काम.

या आठवड्यासाठी

१. कुटुंबाने मिळून एक स्तोत्र निवडा आणि वरील पद्धतीने सात दिवसांत पाठ करा. पुढच्या रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात येऊन म्हणून दाखवा. मोठ्यांनाही यायला हरकत नाही, लाजू नये.

२. सात दयाकृत्ये आपल्या घराच्या सात जागी ठेवा. त्यांपैकी एक या आठवड्यात प्रत्यक्ष करा.

३. चर्चेसाठी : आपल्याला सर्वांत आधी कोणती प्रार्थना पाठ आली? ती कोणी शिकवली? ती व्यक्ती हयात असेल तर तिला भेटून आभार माना. नसेल तर तिच्यासाठी तीच प्रार्थना म्हणा.

प्रार्थना : हे प्रभो, तुझी वचने आमच्या ओठांवर आणि ओठांवरून हृदयात उतरू दे. जे विसरू नये ते आम्हाला आठवू दे. दुसऱ्याचे अपराध आठवत राहण्याची आमची सवय मात्र तू काढून घे. आमेन.

त्या आजींना आता आम्ही एवढेच सांगू शकतो : स्तोत्र पाठ झाले आहे. यापुढे कोणी म्हणायला सांगितले तर आम्ही अडणार नाही.